नंबर देणारे नीलकंठराव

नीलकंठराव मोकाशींच्या मते अख्ख्या रायपुरात अक्कल एकाच माणसाला होती आणि तो समता कॉलनीत त्यांच्याच घरी राहायचा. एका डेटा सेंटरात ते नेटवर्कचे प्रमुख. एकाच जाळ्यावरच्या विभागांची माहिती एकमेकांत मिसळू नये म्हणून प्रत्येकाला वेगळा व्हीलॅन नंबर लागतो. तो नीलकंठराव द्यायचे. म्हणजे कसं, तर खोलीचं दार लावून बसायचे, बाहेरच्याला ताटकळत ठेवायचे आणि गोल बाजारातले पेढे टेबलावर आले की मगच कळफलकाला बोट लावायचे. एवढ्यावर या गृहस्थाची सारी ऐट!

मग सॉफ्टवेअरवर चालणारं नवं नेटवर्क आलं. त्यात नंबरांचा साठा, म्हणजे व्हीलॅन पूल, एकदा भरून ठेवला की पुढचं वाटप यंत्रणाच करते. मग आपल्याला विचारणार कोण? नीलकंठरावांना अन्न गोड लागेना.

यंत्रणा बसवायचं काम त्यांनी हाताखालच्या शर्मिष्ठावर ढकललं. "हमाली हाय ते. तूच कर." पूल मात्र स्वतः भरला. शेकडो नंबरांची सोय असताना घातले फक्त दहा.

"सर, ये तो हफ्ते भर में खतम हो जाएगा," शर्मिष्ठा म्हणाली.

"मले शिकवून राहिली का?" ते खेकसले. संपावा म्हणूनच तर दहा होते!

पूल संपत आला तसं साहेबांनी तापाचं सोंग घेतलं आणि मोबाइल उशाशी घेऊन घरी पडून राहिले. येतील झक मारत.

"काहून पडून राहिले? कपाळ तर थंड हाय," बायको विजया म्हणाली.

"तुले नाही समजत. पाह्य आता."

दिवसभरात एकच फोन आला, गॅसवाल्याचा.

दुसऱ्या दिवशी ते तणतणत ऑफिसात पोचले. सगळं सुरळीत चाललं होतं.

"पूल संपला नाही?"

"हव सर, खतम हुआ, कल सुबह ही. मैंने बढ़ा दिया."

"कोणाच्या पासवर्डनं?"

"मेरे. सिस्टम मैंने ही तो बिठाया था." मग ती अगदी मायेनं म्हणाली, "आपकी तबीयत खराब थी. इतनी सी बात के लिए आपको क्या उठाते?"

नीलकंठराव खोलीत जाऊन बसले. इतकी वर्षं लोकांनी टकटक करावी म्हणून लावून घेतलेलं दार त्या दिवशी त्यांनी सताड उघडं ठेवलं. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही.