विसरलेला डबा

चिंचेनं पितळ घासलं की जो आंबूस वास सुटतो, त्यानं आज मला पुन्हा चिंचवडच्या आमच्या त्या दोन खोल्यांत नेलं. लग्न नवं होतं आणि वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. सहा महिन्यांत आमची धड दहा वाक्यं झाली नसतील. सकाळी हे सायकलवर टांग मारून पिंपरीच्या कंपनीत निघून जायचे. मग धाकट्या दिरांना देहूरोडला काम लागलं, आणि ह्यांनी सायकल त्यांना देऊन टाकली. आता हे पायी जाणार, तासभर आधी निघणार, म्हणून मी मनातून खट्टू झाले. पहिल्याच दिवशी त्यांचा पितळी डबा घरी राहिला. "पळ गं, अजून लांब गेला नसंल," सासूबाई म्हणाल्या. सायकलवर असते तर कसले सापडतात! रुळांच्या कडेला मी त्यांना गाठलं. "आलीच हाईस तर चल की फाटकापतूर," ते म्हणाले. फाटक येईस्तोवर मला कळलं, की ह्यांना पालीची भीती वाटते. पुढं दोन-तीन दिवसांआड डबा राहू लागला. हे मुद्दामच विसरतात, असं वाटून मी गालातल्या गालात हसायची. भावाला पायी जावं लागतं म्हणून दिवाळीत दीर सायकल परत द्यायला लागले, तर सासूबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरून आले, तेव्हा त्या ह्यांच्या पिशवीतला डबा काढून हळूच रांजणामागं ठेवत होत्या. मी ते पाहिलं, हे त्यांना मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.