परडीत टाकलेलं विचारायचं नसतं

धुरपताबाईवर अन्याय झाला. या नागपंचमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तिच्याच अंगणात, पाच शेजारणींच्या देखत झाला. तिला मदत देणाऱ्या नांदेडच्या एका संस्थेचा पाहणी करणारा माणूस मोटारसायकलवरून उतरला, अंगणात मांडलेल्या रंगीत बांगड्यांकडे बघून म्हणाला, "मदतीच्या पैशावर चैन चाललीय का?" आणि उत्तर न ऐकताच तिची दरमहाची मदत थांबवून निघून गेला. हे मी आधी लिहिते, कारण अनुभव सांगणारे लोक देवापासून सुरुवात करतात आणि माणसावर झालेला अन्याय मध्येच कुठंतरी हरवतो. माझ्या अनुभवात देवी आहे. पण ती धुरपताबाईच्या मागून येते.

इस्लापूरपासून आत एका वाडीवर धुरपताबाई राहते. नवरा गेल्यापासून दोन लेकरं आणि ती. दर वर्षी दसरा झाला की मुकादमाकडून उचल घ्यायची, लेकरांना शाळेतून काढायचं आणि ऊसतोडीला जायचं. मग त्या संस्थेनं अशा घरांना दर महिन्याला थेट खात्यात पैसे द्यायला सुरुवात केली. अट काही नाही. कशावर खर्च करायचा ते घरानंच ठरवावं, असं त्यांच्याच माहितीपत्रकात छापलेलं आहे. त्या पैशानं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. रोज संध्याकाळी पोरीला दुकानात पाठवून कागदी पुडीतलं तिखट आणि पिशवीतलं चमचाभर तेल आणायचं बंद झालं; आठवड्याचा बाजार एकदम यायला लागला. एक शेळी आली, तिच्या तीन झाल्या. छपरावर पत्रा आला. आणि गेल्या दसऱ्याला मुकादम दारात आला तेव्हा ती म्हणाली, "औंदा न्हाई येत, दादा." तो म्हणाला, "लई पैसा आला वाटतं!" ती म्हणाली, "आला की. तुझ्या हातून न्हाई आला, तेवढं बरं हाय." लेकरं वर्षभर शाळेत बसली. मदत बंद म्हणजे शेळ्या बाजारात आणि या दसऱ्याला पुन्हा उसाचा फड, एवढं सरळ होतं सगळं.

मग बांगड्या कशासाठी? घरात दाणा नसायचा तेव्हा धुरपताबाई मंगळवारी परडी घेऊन निघायची. परडी म्हणजे देवीच्या नावानं जोगवा मागायची वेताची टोपली. पाच घरं मागायची. पाचही घरांना ठाऊक होतं की यात देवीचा नेम थोडा आणि पोटाची आग जास्त. तरी कुणी तसं बोललं नाही. सुपातनं ज्वारी परडीत पडायची आणि बाई आत वळायची. तेव्हा धुरपताबाई माहूरच्या रेणुकामाईला बोलली होती, की माझा हात भरला तर या पाचजणींचे हात भरीन. म्हणून नागपंचमीच्या सणासाठी आदल्या दिवशी तिनं हिमायतनगरच्या मणियारचाचांना अंगणात बसवलं. चाचा पाचजणींना बांगड्या भरून झाल्यावर म्हणाले, "बाई, तुझाच हात रिकामा राहिला." ती हसून म्हणाली, "रिकामा कुठला, चाचा? एवढे हात भरून राहिले की माझे!" आणि तेवढ्यात ती मोटारसायकल आली.

मी चळवळीतली मुलगी, त्याच कामानं या वाडीवर माझं येणंजाणं. पत्रकं लिहिणं, घोषणा देणं, अर्जावर पोच घेतल्याशिवाय कार्यालय न सोडणं, हे माझं शिक्षण. देवीशी माझं फारसं बोलणं नव्हतं. धुरपताबाईचं कळल्यावर मी वाडीवर निघाले, तेव्हा लोह्याला घरी आईनं मला सांगितलं, "रेणुकामाईला हात जोडून जा." मी फटकन म्हणाले, "का, ती त्या संस्थेची विश्वस्त आहे?" संस्थेनं निरोप पाठवला होता की श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी बैठक आहे. बाईनं चूक कबूल करून लेखी माफी मागितली तर फेरविचार करू, नाहीतर नाव कायमचं कमी. धुरपताबाईला मी हे वाचून दाखवलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "चोरी केली का म्या?" मी म्हणाले, नाही. ती म्हणाली, "मग देवीला बोललेलं फेडलं, त्याला चूक कशी म्हणू?" मला तिचा नवस पटत नव्हता, पण तिचा ताठपणा पटला. मी जळजळीत निवेदन लिहिलं, त्याच्या प्रती काढल्या, आणि ठरवलं की बैठकीत मी बोलणार आणि त्यांना बोलायला जागाच ठेवणार नाही.

अंगात ताप होता. चार-पाच दिवस गोळ्या खाऊन मी तो दाबत होते, कारण आजारी पडायला मला वेळ नव्हता. सोमवारी सकाळी आम्ही दोघी इस्लापूरहून काळी-पिवळी जीपनं निघालो. हिमायतनगरला नांदेडच्या गाडीची वाट बघत उभी असताना माझ्या डोळ्यांपुढं अंधार आला. रस्त्याची कड दिसली, ती वर येताना दिसली, आणि नंतरचं मला धुरपताबाईनंच सांगितलं. नांदेडची गाडी समोर लागली होती. कंडक्टर ओरडत होता. ती चढली असती तर बैठकीला पोचली असती. ती चढली नाही. माझं डोकं मांडीवर घेऊन ती रस्त्यावर बसली आणि मोठ्यानं हाक मारली, "आई रेणुके, धाव गं!"

समोरच्या गल्लीतून मणियारचाचा धावत आले. त्यांचं दुकान तिथंच. त्यांनी मला ओळखलंही नव्हतं, धुरपताबाईचा आवाज ओळखला होता. ती घडलेलं सांगायला लागली तशी ते म्हणाले, "बेटीला आधी उचला, बातां बाद में." रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डेंग्यू आहे, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. तपासणीचे, सलाइनचे, औषधांचे पैसे धुरपताबाईनं कमरेच्या पिशवीतून काढून दिले. मदतीचा शेवटचा हप्ता होता तो, शेळ्यांच्या चाऱ्यासाठी राखलेला.

मी शुद्धीवर आले तेव्हा माझी पत्रकांची पिशवी उशाला होती आणि मी रडत होते. "बैठक गेली ना? तुमचे पैसे गेले ना माझ्यापायी?" धुरपताबाई मला दटावून म्हणाली, "गप पड, माय. पैसं होतं म्हणून तर तुला हितं आणता आलं. न्हाईतर दोघी रस्त्यावरच बसलो असतो की."

संध्याकाळी चाचा आले आणि स्टूल ओढून बसले. ते त्या दिवशी माल आणायला नांदेडला निघालेच होते. धुरपताबाई माझ्याजवळून हलत नाही म्हटल्यावर तिच्याकडून पत्ता घेऊन ते परस्पर बैठकीत गेले होते. मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, "काय बोलणार बेटी, मला कुठं भाषण येतं! म्हटलं, त्या वाडीवर मी लई वर्षं पेटी घेऊन जातो. या बाईच्या दारापुढून दर साल तसाच पुढं जायचो, तिला लाज वाटू नये म्हणून थांबायचो पण नाही. या साली तिनंच मला आवाज दिला. सगळ्यात सस्ता माल घेतला, दुसऱ्यांसाठी घेतला, स्वतःला एक बांगडी घेतली नाही. याला चैन म्हणता? मग माझंही नाव लिहा, विकली तर मीच. आणि ती आज आली नाही, कारण एका आजारी पोरीला ती तुमच्याच पैशानं दवाखान्यात घेऊन बसलीय." तिथं एक वयस्क बाई अध्यक्ष होत्या. त्यांनी स्वतःचंच माहितीपत्रक मागवलं, वाचलं, आणि विचारलं, "घरानं ठरवावं असं आपणच लिहिलंय ना? मग आपण तिला माफी कशाची मागायला लावतोय?" मदत सुरू झाली. थांबवलेला हप्ताही मिळाला. माफी कुणी मागितली नाही, कुणाला मागायला लावली नाही.

हे देवीनं केलं की योगायोगानं झालं, यावर मी वाद घालणार नाही. चाचांचं दुकान त्या थांब्यासमोर होतं, तो त्यांचा माल आणायचा दिवस होता, असं कुणीही म्हणेल. मीही महिनाभर तसंच म्हणत होते. पण मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मी एक शब्द न बोलता, दोरी सुटलेल्या मोटेसारखी पडलेली असताना, काम झालं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी ओरडले नाही तर जग हलणार नाही. त्या दिवशी जगानं मला हलवलं, उचललं, खाटेवर ठेवलं. ज्या बाईला मी वाचवायला निघाले होते तिनंच मला वाचवलं. शरण जाणं म्हणजे हरणं नव्हे, एवढं मला पुरेसं उमगलं. बरी झाल्यावर मी आईबरोबर माहूरला गेले. गडावर काहीच मागितलं नाही. हात जोडले आणि बराच वेळ उभी राहिले.

दवाखान्याचे पैसे परत करायला मी वाडीवर गेले, तेव्हा धुरपताबाई शेळीला पाला घालत होती. तिनं पैसे घेतले नाहीत. वर मला म्हणाली, "तुझी परडी होती ती. परडीत टाकलेलं मागं घेत न्हाईत, आन् त्याचं काय केलं म्हणून इचारत बी न्हाईत. इचारलं की त्ये दान ऱ्हात न्हाई, चौकशी व्हती." मी पुढं केलेला हात तसाच राहिला. शेवटी तिनं तो खाली केला आणि म्हणाली, "बस, चहा टाकते."

आता तुमच्याशी बोलते. तुमच्या गावातही अशी एखादी बाई आहे, जिच्या खात्यात सरकारचे किंवा कुणा संस्थेचे पैसे येतात. तिनं नवी साडी नेसली, लेकराला पेढा घेतला, दारात पाचजणींना बसवलं, तर तिच्याकडं बघून "आमच्या पैशावर मजा करतेय" असं म्हणणारे लोक तुमच्या ओट्यावर बसतात. पुढच्या वेळी ते तोंड उघडतील तेव्हा त्यांना तिथल्या तिथं गप्प करा. आणि म्हणणारे तुम्हीच असाल, तर आज तिच्या दारात जा आणि तिची माफी मागा.