कानसेनकाकांची टिक

आमच्या रेडिओ केंद्रात मी बातम्या वाचते आणि कानसेनकाका आवाज सांभाळतात. दोन खोल्यांपलीकडे पंखा कुरकुरला तरी या माणसाला कळतं, म्हणून हे नाव. वय अठ्ठावन्न. दर सोमवारी शिडी लावून केंद्रातली सगळी घड्याळं ते स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवतात. जगाचं चुकेल, आपलं चुकणार नाही, असा त्यांचा खाक्या.

गेल्या महिन्यात नवा प्रोसेसर आला. स्टुडिओतला आवाज हवेत जाण्याआधी या यंत्रातून घोटून, सावरून जातो. जुन्याला साध्या वायरी होत्या, याची जोडणी डिजिटल. काकांनी ती एका दुपारी केली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही.

"टिक येते," ते म्हणाले. "अगदी बारीक. दर वीस सेकंदांनी."

वायर बदलली, टिक तशीच. डबा उघडून बसायचे तर घास हातात आणि नजर सेकंदकाट्यावर. "आली बघ!" शेजारच्या तंत्रज्ञाला काहीच ऐकू आलेलं नसायचं. घरी काकूंनाही नाही. "कान दाखवून घ्या," काकू म्हणाल्या, तर काकांनी दोन दिवस अबोला धरला. त्यांचा थोरला भाऊ याच वयात बहिरा झाला होता आणि त्याचीही सुरुवात असल्याच आवाजांनी झाली होती. कानच गेले तर काकांकडे उरणार काय?

आठव्या दिवशी मी बसमधून येताना कानात इअरफोन घालून मोबाइलवर आमचंच केंद्र ऐकत होते. निवेदक क्षणभर थांबला, त्या शांततेत टिक. मी मोजायला लागले. विसाव्या सेकंदाला पुन्हा.

आता जाऊन सांगायचंच, असं ठरवून मी पोचले, तर मॅडमनी मीटिंग लावलेली. केंद्र त्यांच्या हातात आणि यंत्र त्यांनीच निवडलेलं. "कुणाला ऐकू येते का ही टिक?" त्यांनी एकेकाला विचारलं. माझा करार पुढच्याच आठवड्यात वाढायचा होता. माझी पाळी आली तेव्हा मी वहीत बघत म्हणाले, "नाही."

"मग माझ्याच कानात असेल," काका म्हणाले आणि डॉक्टरसाठी दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी मागितली. मला माझीच शिसारी आली. त्या संध्याकाळी बातम्यांत मी तीनदा अडखळले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे निघण्याआधी काका प्रोसेसरची पुस्तिका घेऊन बसले होते. अचानक ओरडतच बाहेर आले. "चूक माझी! सगळी माझी!"

आम्ही धावलो. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"डिजिटलमध्ये आवाज म्हणजे आकडे. सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार. स्टुडिओतला आवाजाचा मिक्सर ते ज्या चालीने पाठवतो, त्याच चालीने या प्रोसेसरने घ्यायचे. आणि मी दीडशहाणा! याला सांगून ठेवलं, तू तुझ्याच घड्याळाने चाल. दुसऱ्याच्या घड्याळावर आपण का चालायचं, म्हणून! दोघांत केसाएवढा फरक, पण दर विसाव्या सेकंदाला एक आकडा निसटतोच, तीच टिक."

सेटिंग त्यांनी बदललं होतं. टिक थांबली होती. मॅडमसमोर त्यांनी नोंदवहीत स्वतःची चूक लिहून झोकात सही ठोकली. चूक सापडल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. कान शाबूत होते ना!

सगळे पांगल्यावर मी त्यांना गाठलं. आता न सांगता चाललं असतं, पण मला राहवेना.

"काका, मला ऐकू आली होती. मीटिंगच्या आधी, बसमध्ये."

ते पुस्तिका मिटता मिटता थांबले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"काल घरी जाऊन मी राजीनामा लिहिला, पोरी," ते म्हणाले. "तू एकटी हो म्हणाली असतीस, तरी मला पुरलं असतं."