मडमबाईला ऑइलपेंट

समाधी गुलाबी झाली होती. लग्नाच्या मांडवात शोभेल अशी चकचकीत गुलाबी, वर कडांना हिरव्या पट्ट्या. मी जीपमधून उतरले ती तिथेच उभी राहिले.

"कशी वाटली, मॅडम?" सरपंच सुमनताईंचा चेहरा आनंदाने फुलला होता. "नागपूरचे मोठे साहेब येऊन राह्यले म्हनून काल सारं गाव लागलं होतं कामाले."

मी म्हणजे दगडांची डॉक्टर. सरकारी भाषेत संवर्धक. जुन्या कोरीव दगडावरचा मळ, शेवाळ, रंग काढायचा आणि दगडाला धक्का लागू द्यायचा नाही, हे माझं काम. आता निवृत्त आहे, पण ती गुलाबी समाधी अजून डोळ्यांपुढे येते.

मुकुटबनच्या पुढच्या त्या गावात इंग्रजांच्या काळातल्या काही समाध्या होत्या. कापूस खरेदीला आलेले साहेब लोक तिथे पुरलेले. सगळ्यात देखणी समाधी एका साहेबाच्या बायकोची. ती बाळंतपणात गेली, असं गावात सांगतात. गाव तिला मडमबाई म्हणायचं. बाळंतीण सव्वा महिन्याने घराबाहेर पडली की बाळाला आधी मडमबाईच्या पायाशी ठेवायची. दर दिवाळीला तिला चुना लागायचा. त्या थरांखाली काहीतरी वेलबुट्टी आहे, एवढंच हाताला कळायचं.

नव्या रस्त्याची आखणी नेमकी या समाध्यांवरून जात होती. नागपूरच्या आमच्या साहेबांच्या मागे लागून लागून मी त्यांना पाहणीला तयार केलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. कोरीवकाम खास असेल तर रस्ता वळवायची शिफारस करतो, नसेल तर दगड उचलू द्या. आणि साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते.

"ताई, हे काय करून ठेवलंत!" मी ओरडलेच.

"काहून? चुना तर दरसाली लावतो आमी. एवढे मोठे साहेब येनार, तं चांगला रंग नको का लावाले?"

"साहेब कोरीवकाम बघायला येतायत. ते दिसलं नाही तर मडमबाई इथून जाणार."

सुमनताई मडमबाईच्या पायाशी गेल्या. "माह्या तिन्ही पोरी इथंच ठेवल्या होत्या मी. आता मीच घालवली का तिले?" मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली.

"ॲसिड आनतो," त्यांचे दीर म्हणाले. "संडास घासाचं. एका मिंटात निघते."

मी समाधीपुढे आडवी झाले. दगड चुनखडीचा होता. त्यावर ॲसिड पडलं की फेस येतो आणि दगडच विरघळतो. रंग गेला असता, सोबत मडमबाईही गेली असती.

नुसत्या थिनरने पुसावं तर रंग पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत शिरतो. अशा वेळी आम्ही लेप लावतो. गळवावर पोटीस बांधतात, तसाच. थिनरमध्ये भिजवलेला कापूस नक्षीवर थापायचा, वर प्लास्टिक गुंडाळायचं. रंग मऊ होतो आणि कापूस तो ओढून घेतो.

"कापूस लागेल," मी म्हणाले. "भरपूर लागेल."

सगळे हसायलाच लागले. त्या वर्षी कापसाला कुणी विचारत नव्हतं. घराघरात छतापर्यंत कापूस पडून होता.

"कापूसच मांगतला तुमी!" दीर म्हणाले. "दुसरं काही मांगतलं असतं तं अडचन होती."

मग काय विचारता! बायका सरकी काढायला बसल्या, कारण सरकी राहिली तर कापूस नक्षीत नीट बसत नाही. जीप थिनर आणायला वणीला पळाली. बिडीवाल्यांना मी कुंपणाबाहेर हाकललं. संध्याकाळपर्यंत मडमबाई आणि तिचे तसेच रंगवलेले शेजारी पांढरे गोधडीबंद झाले.

सकाळी लेप उलगडला. रंग तर निघालाच, पण त्याच्या खालचा जुना पोपडलेला चुनाही त्याला चिकटून सुटत होता. बांबूच्या कामटीने मी एक खपली उचलली आणि किंचाळले.

"काय झालं?" सुमनताई धावत आल्या. वाकून पाहिलं. बोट फिरवलं. "अवो मॅडम, हे तं बोंड हाय!"

कापसाचं फुटलेलं बोंड! शेजारी पान, पुढे फूल, मग आणखी बोंडं. समाधीभोवती पऱ्हाटीची अख्खी वेल कोरलेली. इंग्रजांच्या समाधीवर लिली असते, देवदूत असतात. इथल्या पाथरवटाने लिली कुठे पाहिली असणार? त्याने शेतात पाहिलं ते कोरलं. मी सुमनताईंना मिठीच मारली.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

"हे कोपऱ्यात गुलाबी काय आहे?"

"सर, आधी हे बघा."

साहेब बघत राहिले. "फाइलमध्ये तर तू वेलबुट्टी लिहिलंयस."

"चुन्याखाली तेवढीच कळत होती, सर."

त्यांनी समाधीला एक फेरी मारली, दुसरी मारली. "असं मी कुठेच पाहिलं नाही," म्हणाले. "रस्ता वळवायला सांगतो." सुमनताईंनी पदर डोळ्याला लावला.

रस्ता वळला. दिवाळीच्या तोंडावर सुमनताईंचा फोन आला.

"मॅडम, यंदा मडमबाईले काय लावू?"

"काही लावू नका. फक्त बाळं ठेवा."

त्यानंतर नोकरीभर मी एक नियम पाळला. पाहणीला जायचं तर गावाला आधी कळवायचं नाही. जीव लावणारी माणसं कधी रंगाचा डबा उघडतील, सांगता येत नाही.