भाड्याची खुर्ची

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला मी पन्नास खुर्च्या, सहा गोल टेबलं, दोन उभे पंखे, मुलांना उड्या मारायला हवेचा किल्ला आणि एक सिंहासन एवढं सामान भाड्यानं आणलं. सिंहासन लेकीसाठी नव्हतं. ते माझ्या वडिलांसाठी होतं, आणि त्यांना घराबाहेर काढायची ती माझी शेवटची युक्ती होती.

आबा सव्वा वर्ष जिना उतरले नव्हते. बाथरूममध्ये घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, वॉकर धरून ते घरात चालायला लागले. पण आमची सानपाड्याची सोसायटी जुनी, चार मजल्यांची, बिनलिफ्टची, आणि आम्ही राहतो चौथ्यावर. हॉस्पिटलमधून परत आणताना ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांना स्ट्रेचरला पट्ट्यांनी करकचून बांधलं आणि 'साइड, साइड' करत वर आणलं. मजल्यामजल्यावर दारं उघडली. आबा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, दुखतंय. नंतर कळलं, त्यांना लाज वाटत होती.

आबा माथाडी. साताऱ्याकडून आले आणि चौतीस वर्षं त्यांनी दाणा मार्केटात गोणी वाहिली. मानेमागे अजून गाठ आहे. असा माणूस सगळ्या बिल्डिंगीदेखत बांधलेला माल होऊन जिना चढला होता. घरी आल्यावर आठवडाभर ते धड बोलले नाहीत. मग एका दुपारी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आता मी कुणाचं ओझं व्हायचो नाही. खाली एकदाच जायचं, आणि तेव्हा मला विचारायची गरज पडणार नाही."

मी ताट आपटलं. नवऱ्यानं समजूत घातली, डॉक्टरांनी फोनवरून दम दिला. चौघांनी खुर्चीत उचलून नेऊ म्हटलं की ते तोंड फिरवायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा. मी भांडत होते, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. माणूस गॅलरीतून रस्ता बघत दिवस काढतो, मग गॅलरीतही यायचं बंद करतो, मग पलंगाच्या कडेला बसून राहतो. आबा यातल्या दुसऱ्या टप्प्यावर आले होते. या वाढदिवसाला उतरले नाहीत तर कधीच उतरणार नाहीत, असं माझ्या मनानं घेतलं.

लेकीनं त्यांना सरळ विचारलं होतं, "आबा, तुम्ही येणार ना?"

"मी गॅलरीतून बघीन की."

"मग केक कसा भरवू?"

 ते ऐकून मी गावठाणातल्या मंडपवाल्याच्या दुकानात गेले.

दुकान चालवत होती ती माझ्याच वयाची बाई. पाय पसरून पंख्याखाली बसली होती. "मानसा कवरी येतीन?" तिनं विचारलं. मी पन्नास म्हटलं. "साठ खुर्च्या न्या ताय. बड्डेला पोरांचे मागं आया येतान, आयांचे मागं सासवा." मी पन्नासच म्हटलं, कारण मला कुणी शिकवलेलं खपत नाही. मग कोपऱ्यात मला ते दिसलं. लाल मखमल, सोनेरी नक्षी, दोन्ही हातांवर सिंहांची तोंडं.

"त्ये नवरदेवाचा हाय," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, यात बसवून वडिलांना चौथ्या मजल्यावरून खाली आणायचंय. मान दिला तर माणूस नाही म्हणणार नाही, असा माझा हिशोब. तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "जड हाय, ताय."

"तुमची माणसं आहेत ना उचलायला?" मी म्हटलं, आणि विषय संपवला.

शनिवारी दुपारी तीनला टेम्पो आला. पाच माणसं, त्यांचा पंचावन्नच्या आसपासचा मुकादम. त्यांनी टेबलं उतरवायला घेतली आणि वरून आवाज आला, "अरे, टेबल आडवं काय धरतोस, कडेवर उभं घे." मी मान वर केली. आबा वॉकर धरून गॅलरीत उभे होते. माणसं हसली आणि होती तशीच चालत राहिली. दुसरं टेबल पाण्याच्या टाकीच्या कठड्याला धडकलं. "सांगितलं होतं," आबा वरून म्हणाले.

मुकादमानं कपाळावर हात धरून वर बघितलं. "मामा, कुठं होता?"

"दाणा मार्केट."

"मी कांदा-बटाट्याला. बारा वर्सं."

एवढंच बोलणं झालं. पण त्यानंतर मंडपाचे पाइप उभे करताना आबा चौथ्या मजल्यावरून 'घे' म्हणायचे तेव्हा ते घेत होते आणि 'टेक' म्हणायचे तेव्हा टेकवत होते. टोळीत जड नग उचलायचा तर एकजण आवाज देतो, म्हणजे सगळ्यांचं बळ एकदम लागतं. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. आबांचा तो आवाज मात्र मी सव्वा वर्षात ऐकला नव्हता.

मग सिंहासन वर न्यायला घेतलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर एका सिंहाचं तोंड कठड्यात अडकलं आणि दुसऱ्यानं भिंतीचं प्लास्टर पाडलं. ना वर जाईना, ना खाली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते मी त्या जिन्यात उभी राहून भोगलं. सोसायटीचे सेक्रेटरी बाहेर आले आणि नुकसानभरपाईसाठी मोबाइलवर फोटो काढायला लागले.

"काय अडकलंय?" वरून आबा. ते दारातून कठड्यापर्यंत आले होते. खाली वाकून त्यांनी मखमल बघितली. "हे कुणासाठी?"

"तुमच्यासाठी," मी म्हटलं. रडू येत होतं आणि रागही.

मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "रिकामंच चढत नाही ते. मला भरून उतरेल कसं?" मग मुकादमाला म्हणाले, "मागचा पाय वर घे. सिंहाचं तोंड भिंतीकडं. आता फिरव. टेक." पाच मिनिटांत सिंहासन सुटलं आणि खाली गेलं.

मुकादम पाणी प्यायला वर आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, कारण मध्ये बोलले असते तर वाट लावली असती.

"मामा, तुमी नाय येत खाली?"

"उचलून यायचं तर नाही. मी ओझं नाही."

मुकादमानं तांब्या खाली ठेवला. "आत्ता जिन्यात आवाज कोन देत होतं?"

"मी."

"मंग? टोळीत आवाज देनारा कधी ओझं आसतो व्हय? त्याला टोळीतच धरतात. आवाज तुमी द्या, आमी फकस्त हात लावतो."

 आबांनी आपल्या पंजांकडे बघितलं. नातीचा फ्रॉक दोरीवर वाळत होता, तिकडे त्यांची नजर गेली. मग विचारलं, "खुर्ची कुठली?"

मी खुर्चीऐवजी वॉकरच उचलला, इतकी घाई झाली होती मला. पण आबांना प्लॅस्टिकची खुर्ची चालेना. "तिचे पाय फाकतात." त्यांनी खालून सगळे नमुने मागवले आणि साउंडवाल्यासाठी टेम्पोत टाकून आणलेली, हात असलेली जुनी लोखंडी खुर्ची पसंत केली. गंजलेली, एका हाताचा रंग उडालेला. मग चौघांकडे बघून हुकूम सोडले. उतरताना भार खालच्यावर येतो, तेव्हा उंच माणसं खाली, बुटकी वर. कुणी एकमेकांशी बोलायचं नाही. बसले, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "घे."

दर मजल्याला त्यांनी 'टेक' म्हणून माणसांना दम खाऊ दिला. दारं पुन्हा उघडली. या वेळी आबांचे डोळे उघडे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना त्यांनी विचारलं, "काय, गुडघे कसे आहेत?" मी मागून वॉकर घेऊन उतरत होते आणि सरळ रडत होते, काही लपवलं नाही.

वाढदिवस दणक्यात झाला. सत्तर माणसं आली, सासवांसकट, आणि खुर्च्या कमी पडल्या. सिंहासनावर चार-चार पोरं बुटांसकट चढत होती. लेकीनं पहिला घास आबांना भरवला, तो त्यांच्या मिशीला लागला, तो तसाच ठेवून ते पुलाव जेवले. सगळा वेळ ते माणसं न्याहाळत होते. मला वाटलं, इतक्या दिवसांनी गर्दी बघतायत.

साडेआठला माझ्या लक्षात आलं की मुकादमाची माणसं जासईला हळदीच्या मंडपाला गेलीत आणि सामान न्यायला सकाळी येणार आहेत. आबांना वर कोण नेणार, हा विचारच मी केला नव्हता.  मी आबांपाशी जाऊन हळूच सांगितलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी बघून ठेवलीत."

"काय बघून ठेवलंय?"

"माणसं. तो निळ्या शर्टातला, बँकेतला. टेबल सरकवताना गुडघ्यात वाकतो, कमरेत नाही. चांगला आहे. त्याच्या जोडीला तो मासळीचा धंदा करणारा, त्याची पकड पक्की. सेक्रेटरी उंच आहे, त्याला खाली लाव, त्याच्याबरोबर पहिल्या मजल्यावरचा मास्तर."

"आणि हे?" मी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"त्याला केक उचलू दे," आबा म्हणाले. नवरा आजही ते विसरलेला नाही.

चढताना आबांनी पाठ वरच्या बाजूला ठेवली, त्यामुळे त्यांचं तोंड आमच्याकडे होतं. मागून सगळी पोरं फुगे घेऊन येत होती. पहिल्या मजल्यापर्यंतच सेक्रेटरींना धाप लागली. "श्वास वरच्या पायरीवर सोडा," आबांनी शिकवलं. "घाई नाही. टेक." तिसऱ्या मजल्याला ते चौघं एका तालात पाय टाकायला लागले. मास्तर तर 'घे' ऐकल्यावर जोरात 'हो' म्हणायला लागले होते. वर पोचल्यावर सगळे घामाघूम होऊन आमच्या बाहेरच्या खोलीत बसले आणि स्वतःवरच खूश दिसत होते.

रविवारी सकाळी साडेसातला टेम्पो आला. मुकादमानं खुर्च्या मोजल्या. एकोणपन्नास प्लॅस्टिकच्या, एक मोडलेली, आणि लोखंडी गायब. मी वर धावले.

दार उघडंच होतं. लोखंडी खुर्ची दारातच होती आणि तिच्यात आबा इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी घालून बसले होते. पलीकडे सेक्रेटरी, बँकवाले, मास्तर आणि मासळीवाले, चौघंही ट्रॅकपँटमध्ये.

"ही द्यायची नाही," आबा मला म्हणाले. "महिन्याचं भाडं काय पडेल ते विचार."

"पण आज निघालात कुठं?"

"मार्केट. गेटापासून रिक्षा करतो."

"आबा, रविवारी मार्केट बंद असतं."

"असू दे. चालू असलेलं पुष्कळ बघितलंय." त्यांनी खुर्चीच्या हातांवर पंजे ठेवले आणि चौघांकडे बघितलं. "नाश्त्याला थांबू नकोस," मला म्हणाले, आणि मग त्यांना, "घे."