राक्षसाचे गाव

गेल्या रविवारी दुपारी जालन्यातील आमच्या बैठकीच्या खोलीत एक राक्षस थोडक्यात बचावला... आणि त्याच्यासोबत आमचा खेळही.

ज्यांना कल्पना नाही, त्यांच्यासाठी आधी स्पष्ट करतो. टेबलाभोवती बसून खेळायचा हा अद्भुत कथांचा खेळ आहे. एक जण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतील पात्रे होतात आणि लढाई आली की फासे टाकून निकाल लावतात.

आमच्या मुलीने, केतकीने, हा खेळ घरात आणला. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि गेम मास्टरची खुर्ची माझ्याकडे आली. खेळाडू तीन... माझी पत्नी वैशाली, शेजारचे सलीमभाई आणि त्यांच्या पत्नी नसरीनभाभी. सलीमभाईंचे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. रविवार सोडला तर त्यांची भेट फाटकातून हात हलवण्यापुरतीच होते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मनाने गोष्ट रचणे मला जमणार नाही, याची खात्री होती. म्हणून छापील, तयार ॲडव्हेंचर, म्हणजे खेळायची गोष्ट आयती दिलेले पुस्तक, घ्यायचे ठरवले आणि निवड काटेकोरपणे केली. परीक्षणे वाचली, नकाशे तपासले आणि सर्वांत नावाजलेले पुस्तक मागवले. त्यात बर्फाळ राज्य होते, सिंहासनावर हक्क सांगणारी घराणी होती आणि प्रत्येक घराण्याची वंशावळ होती.

वंशावळ ऐकता ऐकता वैशाली मेथी निवडू लागली. नसरीनभाभींनी तिला मदत सुरू केली, तेव्हाच मी समजायला हवे होते...

जाताना फाटकापाशी सलीमभाई म्हणाले, “भाऊ, राग मानू नका. तुम्ही मेहनत लई करून राह्यले, पण आम्हाला काही समजून न्हाई राह्यलं. अजून एक रविवार बघू. न्हाई जमलं तर मंग बंद करू.”

तो आठवडा मला जड गेला. खेळ बंद झाला असता तरी शेजार राहिलाच असता. पण चौघांनी एका टेबलाशी बसण्याचे कारण उरले नसते... आणि आमच्या वयात अशी कारणे नव्याने मिळत नाहीत.

मी पुन्हा छोटी ॲडव्हेंचर धुंडाळली. एकात सगळी इंग्रजी शब्दकोडी होती. ती मराठीत आणताच मेली असती. दुसरे पूर्ण समुद्रावर घडत होते, आणि आमच्यात जहाजावर पाऊल ठेवलेले कुणी नाही. अखेर सर्वांत साधे निवडले. डोंगरातला किल्ला, आत कैदेत असलेला वैद्य आणि दारावर पहारेकरी राक्षस. एका दुपारी संपेल इतकेच.

रविवारी चहा झाला आणि मंडळी किल्ल्याच्या दाराशी पोहोचली. राक्षस भाला रोखून उभा आहे, असे मी वाचून दाखवले. आता फासे खुळखुळतील, अशी माझी अपेक्षा होती. सलीमभाईंनी फाशांना हातही लावला नाही.

“त्याला विचारा, गाव कोणतं?”

मी पुस्तकात पाहिले. राक्षसाची ताकद दिलेली होती, शस्त्र होते, चिलखत होते... गाव नव्हते. तसे मी सांगितले.

“असं कसं? मंग काय आभाळातून पडला का तो?”

“अहो, सांगा ना काहीतरी,” वैशाली म्हणाली. “बिचारा उन्हात उभा आहे.”

आमच्याकडे हा प्रश्न चुकत नाही. बसस्टँड असो की दवाखाना, अनोळखी माणसाला आधी गाव विचारायचे, मग कुणाकडचे ते, आणि दोघांच्या ओळखीचा कुणीतरी सापडेपर्यंत थांबायचे नाही. पण पुस्तक छापणाऱ्यांना हे कुठून ठाऊक असणार...

तिघेही माझ्याकडे पाहत होते. जिल्ह्यातील जे गाव तोंडी आले, ते मी बोलून गेलो. “धावड्याचा आहे.”

नसरीनभाभींनी कप खाली ठेवला. “धावड्याचा? मंग हा माझ्या माहेरचा झाला. याला कुणी हात लावायचा न्हाई.”

सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. “घ्या. भाऊ, साऱ्या जिल्ह्यात तुम्हाला हेच गाव सापडलं? लढायला आल्तो, आन् हा तर बराबर माझा साला निघाला.”

वैशाली हसून हसून खुर्चीवरून उठली. भाभींचे माहेर धावड्याचे आहे, हे मी खरोखर विसरलो होतो.

मग भाभींनी त्याची चौकशी सुरू केली... कुणाच्या घरचा, आई कशी आहे, असल्या नोकरीला कसा लागला, पगार वेळेवर होतो का. मी पुस्तक मिटले आणि उत्तरे देत गेलो. आई थकली होती, पगार तुंबला होता, सुट्टी मिळत नव्हती... कुठून सुचत होते, मला सांगता येणार नाही. शेवटी राक्षसाने स्वतःच दार उघडले आणि वैद्याला बाहेर आणून भाभींच्या हवाली केले. एकही फासा पडला नाही.

निघताना सलीमभाई एवढेच म्हणाले, “पुढच्या रविवारी जरा जल्दी सुरू करा.”

त्या एका वाक्याने छातीवरचे ओझे उतरले. या तिघांचा मी मनापासून ऋणी आहे.

सध्या पुढचे पुस्तक निवडतो आहे. लढाया किती आहेत, हे आता पाहत नाही. ज्यांच्याशी दोन शब्द बोलता येतील असे कोण कोण आहे, ते पाहतो... गावे माझी मी घालीन.