पाच घरं आणि एका पायाचा स्टँड

पुण्याहून निघताना माझ्याकडे कॅमेरा होता, सहा टेपा होत्या आणि स्टँड नव्हता. तिपाई (तीन पायांचा स्टँड) मी लग्नांचं चित्रण करायचे त्या स्टुडिओच्या मालकाची होती. नोकरी सोडली तशी तीही तिथंच राहिली. "बायकांचा हात हलतो, तू आपला हळदीकुंकवाचा कोपरा तेवढा कर," असं तो पाच वर्षं म्हणत आला. सहाव्या वर्षी मी म्हटलं, ठेव तुझा कोपरा तुझ्यापाशी.

पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते निवृत्तीला टेकलेल्या एका काका-काकूंचं. दोघं गाणगापूरला निघाले होते. तिथं दुपारी झोळी घेऊन पाच घरी मधुकरी (दारोदार मागितलेलं अन्न) मागायची रीत आहे. गरिबानंच असं नाही, मोटारीतून आलेल्यानंसुद्धा. काकांची अट एकच होती: पाचही घरं सलग, मध्ये कॅमेरा बंद न करता, आणि चित्र हलता कामा नये. जमलं तर पुढची कामं आपसूक येणार होती. नाही जमलं तर त्या मालकाचं म्हणणं खरं ठरणार होतं, आणि ते मला मरेपर्यंत पचलं नसतं.

मी दोन दिवस आधी निघून बीदरला उतरले आणि कमठाण्याला आत्याकडे गेले. लाल मातीचे रस्ते, काढणी झालेल्या तुरीची शेतं. आत्या अंगणात तुरी पाखडत होती. कुठं चाललेय ते सांगितल्यावर तिचं सूप थांबलं.

"गाणगापूरला कामून जायलीस गं?"

"कामाला जायले, आत्या. मागायला न्हाई."

"तेच सांगायले. तुझ्या आज्यानं धम्म घेतला, त्या दिशी मागायची टोपली चुलीत घातली. तवापासून आपल्यातलं कुणी भाकरीला दारात हुबं राहिलं न्हाई. तू बी राहू नको."

आम्ही बौद्ध. आजोबांच्या आधीच्या पिढ्यांना गावकीची कामं करून वर दारोदार शिळं मागावं लागे. ते मला लहानपणापासून ठाऊक होतं, पण टोपली जाळल्याचं नव्यानंच कळलं. मी नुसतं "व्हय" म्हटलं. निघताना तिनं कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. ती शिदोरी मी हक्कानं घेतली.

गुलबर्ग्याची बस हुमनाबादच्या पुढे पंक्चर झाली. सगळे उतरले. नुसतं थांबून काय करायचं म्हणून मी कॅमेरा हातात धरून रस्त्याकडेनं चालत चित्रण केलं आणि तिथंच छोट्या पडद्यावर पाहिलं. शेत, बस, उतारू, सगळं झोपाळ्यावर बसल्यासारखं हलत होतं. मालकाचंच खरं की काय, वाटलं. मग डोकं ताळ्यावर आलं. हात सगळ्यांचाच हलतो. त्या मालकाचाही हलायचा, म्हणून तर तो तिपाईला गोचिडासारखा चिकटून असायचा! पण गल्लीत, गर्दीत, दर दारापाशी तीन पाय पसरायला कोण देणार? मला एका पायाचा स्टँड हवा होता, मोनोपॉड. बस कमलापूरला थांबली तेव्हा लाल केळी घेतली आणि दोन केळी संपेपर्यंत काय बघून घ्यायचं ते मनाशी ठरवलं.

गुलबर्ग्याच्या बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात मालक वयस्क, चष्मा कपाळावर.

"क्या होना बाजी?" (काय हवंय, ताई?)

मी सांगितलं. त्यानं मान हलवली. "तिपाई लेओ. एक टांग का सामान औरतों के हाथ में नै टिकता."

"निकालो तो सही, चाचा. टिकता की नै, मैं देखती."

त्यानं तीन काढले. पहिला हलका, बोटाएवढा बारीक. वर कॅमेरा बसवताच तो वेताच्या छडीसारखा लवायला लागला, आणि त्याचे पिळायचे जोड धुळीनं आत्ताच कुरकुरत होते. दुसऱ्याला खाली तीन चिमुकली पावलं होती. एका जागी सुरेख उभा राहिला, पण वजनाला मुसळ, आणि चालताना त्याची पावलं माझ्याच पायात यायची. तिसरा जुना, खरचटलेला. त्याचे जोड खटक्याचे, एका अंगठ्यानं उघडणारे. खाली रबरी बूड. आणि पूर्ण उघडला की कॅमेरा बरोबर माझ्या डोळ्यासमोर यायचा, मान न वाकवता. त्याच्यावर कॅमेरा खालीवर कलवायचं दांड्याचं डोकं बसवून घेतलं. बूड पावलाच्या कडेला टेकवलं, माझे दोन पाय फाकवले, झाले तीन. श्वास रोखून समोरच्या दुकानाची पाटी चित्रित केली आणि पडदा चाचांपुढे धरला.

चाचांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. "टिक गया," ते म्हणाले. "टिकनाच था," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाणगापुरात काका-काकू भेटले. काका धोतर-उपरण्यात, दोघांच्या खांद्याला भगवी झोळी. लॉज, पेढ्यांची दुकानं, पुजाऱ्यांची घरं, आणि सगळीकडे आपली मराठी माणसं. दुपारी कॅमेरा चालू केला. चालताना मोनोपॉड मिटवून मध्यावर धरायचा, त्याच्याच वजनानं कॅमेरा संथ राहतो. दारापाशी खटके उघडायचे आणि टेकवायचा. पहिल्या घरी भात, दुसऱ्या घरी पोळी, तिसऱ्या घरी पुन्हा भात. मी उलट्या पावली चालत होते, एका म्हशीला धडकता धडकता वाचले, आणि चित्र पाण्यासारखं शांत. चौथं घर झालं. मी मनात त्या मालकाला चार शब्द सुनावले.

पाचव्या घराच्या उंबऱ्यात एक पोक्त बाई परात घेऊन उभ्या होत्या. काकांना वाढलं, काकूंना वाढलं, आणि माझ्याकडे वळून "तगोरी (घ्या)," म्हणत त्यांनी एक ज्वारीची भाकरी माझ्या खांद्यावरच्या, टेपांसाठी उघड्या राहिलेल्या पिशवीत टाकली. इथं समजूत अशी की दुपारी प्रत्यक्ष देव कुठल्याही वेषात मागायला येतो. दारात जो उभा, त्याला रिकामं पाठवायचं नाही. त्यांच्या परीनं त्या बरोबरच होत्या.

मला मात्र चुलीत घातलेली टोपली आठवली. आजोबांनंतर मीच पहिली, दारात उभी, आणि पिशवीत भाकरी. गप्प राहिले असते तर काम पुरं झालं असतं. चित्रण संपायला अर्धं मिनिट उरलं होतं. डाव्या हातानं मोनोपॉड धरून ठेवला, उजव्या हातानं भाकरी काढली.

"अक्का, ही परत घ्या. मी मागायला आलेली न्हाई, कामाला आलेय."

"दिल्यालं परत घेत न्हाईत, बाई."

"आमच्यात दारातली भाकर घेत न्हाईत. आम्ही बौद्ध. आजोबांनी ते सोडलंय."

त्यांचा चेहरा बदलला. परात मागं गेली. "मग ठिवा तिथं कट्ट्यावर. गाय खाईल."

"कट्ट्यावर का? हातात दिली होती, हातात घ्या."

गल्ली थांबली. मागच्या रांगेतले लोक बघायला लागले. माझा हात पुढंच होता. काका हळूच म्हणाले, "कॅमेरा चालू आहे का?"

"चालू आहे, काका. सलगच हवं होतं ना?"

तेव्हा काकू पुढं आल्या. त्यांनी झोळीचं तोंड उघडलं आणि माझ्या हातातून भाकरी घेतली. मी त्यांच्या झोळीवर कॅमेरा कलवला, दहा मोजले आणि बंद केला. नंतर पंगतीत त्यांनी तीच भाकरी आधी मोडली. काका खाली बघून भात कालवत होते.

पुण्याला परतल्यावर काकांचा फोन आला. पाचव्या घरचं "ते तेवढं" कापून टाक म्हणाले. नातेवाईक बघतील, बरं दिसणार नाही. मी टेप पुन्हा लावून पाहिली. माझा आवाज थरथरत होता, अगदी रडवेला. चित्र तसूभर हललं नव्हतं. मी काकांना सांगितलं, कापायचं तर दुसऱ्याकडून कापून घ्या, माझ्या घरातून जाईल ती पूर्ण जाईल. सीडी न्यायला काकू स्वतः आल्या आणि म्हणाल्या, "दोन प्रती दे. एक माझी."

त्या प्रवासानंतर कामं आली, काही हुकलीही. परवा एक मैत्रीण विचारत होती, चालता चालता चित्रण करायला मोनोपॉड कुठला घेऊ? मी तिला खटके सांगितले, उंची सांगितली, रबरी बूड सांगितलं. आणि म्हटलं, दुकानात उभी राहून आधी एवढं बघ, की तो एका हातानं धरून ठेवता येतो का. दुसरा हात मोकळा हवा. कुणाचं काही परत करायची वेळ येते.